खाडीत कांदळवन लावायचंय: मुखाकडची चिखलपट्टी घ्यावी की जुनं खाजण? (महिला बचत गटासाठी माहिती हवी)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवरच्या महिला बचत गटासाठी विचारतेय. गटात १४ जणी आहेत. बहुतेकींचं काम म्हणजे सुकतीला (ओहोटीला) तिसऱ्या, खुबे, कालवं या शिंपल्या काढणं आणि सकाळच्या लिलावातली मासळी घेऊन विकणं. एक संस्था गटाला कांदळवन लागवडीसाठी मदत करायला तयार आहे. त्यांची अपेक्षा पहिल्याच वर्षी ५००० रोपांची आहे, आणि तीही सगळी कांदळ या एकाच जातीची.

सुचवलेल्या जागा दोन. पहिली खाडीच्या मुखाकडची मोकळी चिखलपट्टी. सुकतीला ती पूर्ण उघडी पडते आणि बायका तिथेच तिसऱ्या काढतात. दुसरी म्हणजे आतल्या बाजूचं जुनं खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारट जमीन. त्याचा बांध एका ठिकाणी फुटलाय, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) गाळाने बुजलीय, आत पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात वर मिठाचा पापुद्रा धरतो. कडेला तिवराची थोडी झाडं आहेत, मधला भाग उघडा आहे.

प्रश्न असे: जागा कोणती घ्यावी? फक्त कांदळ लावावा का? रोपवाटिकेत बी, पिशवी, पाणी यांचं गणित कसं बसवायचं? परवानगी कोणाची लागते? आणि लिलाव न चुकवता हे काम कोणत्या वेळी करता येईल?

भरतीसुकती

ताई, मुखाकडची चिखलपट्टी सोडून द्या. संस्थेला आवडो न आवडो.

कारण उंचीचं आहे. तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडं भरती-सुकतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात जगतात, म्हणजे साधारण सरासरी समुद्रपातळीपासून उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या) भरतीची रेघ पोचते तिथपर्यंत. तिसऱ्यांची जागा त्याच्या खाली असते. ती रोज दोनदा कित्येक तास पाण्याखाली जाते आणि तेवढा वेळ कोवळ्या रोपाला हवा मिळत नाही. कांदळाच्या शेंगेत साठवलेलं अन्न असतं, त्यामुळे पहिले काही महिने रोप हिरवं राहतं, पानंही काढतं. म्हणून सुरुवातीच्या पाहणीत सगळं उत्तम दिसतं. मग खोडाला बार्नेकलची (चिकटून राहणाऱ्या सागरी जिवांची) पांढरी कवचं चढतात, लाटेने रोप वाकतं आणि पावसाळ्याच्या पाण्यात उपटून जातं.

समजा चुकून जगली, तर नुकसान जास्त. मुळांत गाळ अडकून चिखलाची पातळी आणि पोत बदलतो, तिसऱ्यांना लागणारी रेतीमिश्रित जमीन बुजते आणि तिथे चरणारे कुदळ्या, तुतारी यांसारखे पक्षी जातात. गटातल्या बायकांचं रोजचं उत्पन्न ज्या अधिवासावर आहे तो मोडून दुसरा उभा करणं याला संवर्धन म्हणता येत नाही. जिथे पूर्वी कधीच कांदळवन नव्हतं तिथे ते आज का नाही, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

उंची मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाच-सहा बांबू घ्या, त्यांना गेरूचा किंवा चुन्याचा पातळ हात द्या आणि सुकवा. दोन बांबू जिथे तिवराची मोठी झाडं आधीच छान उभी आहेत तिथे रोवा, बाकीचे जिथे लावायचा विचार आहे तिथे. वारा नसलेला दिवस निवडा, नाहीतर लाटेमुळे रेघ वर चढते. एक पूर्ण भरती जाऊ द्या आणि धुतलेला भाग जमिनीपासून मोजा. एकाच खाडीत, जवळच्या अंतरात पाण्याचा पृष्ठभाग सारखाच असतो, त्यामुळे खोलीतला फरक म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक. मोठ्या तिवराखाली ३० सेंटीमीटर आणि चिखलपट्टीवर १ मीटर ६० सेंटीमीटर भरलं, तर ती पट्टी १ मीटर ३० सेंटीमीटर खाली आहे. लागवडीची जागा जगलेल्या झाडांच्या पातळीपासून फार तर वीतभर वरखाली असावी. खाजणात मात्र हे माप बांध मोकळा झाल्यावरच खरं येईल. आत साचलेलं पाणी बाहेरच्या भरतीबरोबर चढत-उतरत नाही.

दुसरीकडच्या लागवडीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, सिंधुदुर्गात ती अडीच मीटरच्या आतबाहेर असते. तिकडे चालणारी खोली इकडे चालेलच असं नाही.

आता खाजण. तुमच्या वर्णनावरून तिथे झाडं नसण्याचं कारण पाणी आहे, रोपांची कमतरता हे कारण नाही. साचलेलं पाणी उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. असं भरती-सुकतीला अनेकदा झालं की मातीची खारट पातळी इतकी चढते की तिवरसुद्धा, जे या सगळ्यांत सर्वांत जास्त मीठ सोसतं, उगवत नाही. त्या मातीत ५००० रोपं लावली तर ५००० रोपं जातील. आधी पाणी आत-बाहेर खेळतं करायचं. बांधाचं खिंडार पुरेसं खोल आहे का ते पाहा. वरून पाणी आत येतं पण सुकतीला तळाचं बाहेर जात नाही, असं असेल तर खिंडार खाडीच्या बाजूच्या नैसर्गिक ओहोळाच्या तळापर्यंत उतरवावं लागेल. मग आत एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फाटे. तमिळनाडू आणि आंध्रात मेलेली कांदळवनं परत आणायला माशाच्या काट्यासारखी हीच रचना वापरली गेली. चराच्या बाजू उतरत्या ठेवा. उभ्या कापल्या तर पहिल्याच पावसात ढासळून चर भरतो. काढलेला गाळ चराच्या काठावर सलग रचू नका, नाहीतर नवा बांध तयार होतो आणि पाणी पुन्हा अडतं. मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडून पातळ पसरा.

एवढं केल्यावर एक पूर्ण पावसाळा थांबा. कडेची तिवरं बी टाकतात, भरती ते आत नेते. जाळ्याची एखादी पट्टी किंवा झुडपाच्या फांद्या आडव्या टाकल्या की बी अडकून रुजतं. आपोआप आलेली रोपं पुरेशी असतील तर लागवडीची गरजच उरणार नाही.

पांढरी_चिप्पी

जागेबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. 'रोपवाटिका नकोच' इथपर्यंत मी जाणार नाही. जिथे कडेला एकाच जातीची झाडं आहेत तिथे बाकीच्या जाती स्वतःहून यायला फार वर्षं लागतात. त्यासाठी हजार-बाराशे रोपांची मिश्र रोपवाटिका उपयोगी पडते. ५००० हा आकडा मात्र आधी वजनात समजून घ्या. ५ बाय ८ इंची पिशवी भरली की तिचा व्यास सुमारे ८ सेंटीमीटर आणि माती पाऊण लिटरच्या आसपास. ५००० पिशव्या म्हणजे जवळपास ४ घनमीटर चिखल. ओल्या चिखलाची भरलेली पिशवी सव्वा किलोच्या आसपास जाते, म्हणजे १२ पिशव्यांचा एक ट्रे १५ किलोचा. तो चिखलातून उचलून न्यायचा आहे. रोपवाटिका लागवडीच्या जागेजवळ, होडी लागेल अशा ठिकाणीच हवी.

फक्त कांदळ लावू नका. कांदळाची शेंग मोठी, हाताळायला सोपी, लगेच रुजते, म्हणून सगळीकडे तोच लावतात. पण त्याची जागा ओहोळाच्या काठाची, मऊ चिखलाची आणि रोज पाणी लागणारी. आतल्या, उंच, जास्त खारट भागात तिवर हवं. पाण्याच्या बाजूला, मुखाकडे पांढरी चिप्पी येते (२०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला). काजळा, झुंबर, किरकिरी या कांदळवनातल्या बाकीच्या जाती तुमच्या खाडीत कुठे उभी आहेत तेवढं पाहून त्याच पातळीवर घ्या. दुसऱ्या खाडीतून बी आणू नका.

तिवराचं बी पावसाळ्यात, बहुतेक श्रावण-भाद्रपदात पिकतं. फळं पिवळसर, टपोरी झाली आणि हलक्या हाताने निघाली की तयार. झाडाखाली जाळं पसरून पडलेली घेणं सर्वांत चांगलं. रात्रभर खाडीच्या पाण्यात भिजवली की वरचं साल सुटतं. भोक पडलेली, आतून काळी पडलेली बाजूला काढा. हे बी साठवता येत नाही, दोन-तीन दिवसांत पेरायलाच हवं. मुळाचं टोक खाली ठेवून बी अर्धं चिखलात दाबा, पूर्ण गाडू नका, कुजतं. रुजेपर्यंतचे आठ-दहा दिवस सर्वांत नाजूक असतात, कारण भरतीचं पाणी वाफ्यावर आलं की बी तरंगून जातं. म्हणून पेरणी भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीच्या सुरुवातीला करा आणि वर बारीक जाळी टाका.

कांदळाची शेंग झाडावरच रुजलेली असते. वरचं फळ आणि शेंग यांच्या सांध्यावर पिवळट कडं दिसलं की ती पिकली. ओढून तोडू नका, आणि वरची टोपी हाताने उपटू नका. तिच्या आत पुढचा कोंब असतो, तो मोडला की शेंग वाया. गोळा केल्यावर आठवडाभर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. ताज्या शेंगेवर खेकडे तुटून पडतात, थोडी जून झालेली ते कमी खातात. पिशवीत सात-आठ सेंटीमीटर खोल रोवा, टोकदार तपकिरी बाजू खाली. शेंग उलटी रोवणं ही अगदी नेहमी होणारी चूक आहे. नवीन हातांना पहिल्या दिवशी दोन्ही टोकं दाखवूनच काम द्या.

चिप्पीला वेगळी पद्धत. पिकून मऊ झालेली फळं बादलीत चार-पाच दिवस कुजवायची, गर धुऊन बारीक बी वेगळं करायचं, चिखलाच्या उथळ ट्रेमध्ये पेरायचं आणि चार पानं आली की पिशवीत हलवायचं. तिन्हींत ही सर्वांत कटकटीची. पहिल्या वर्षी शंभरेकच करून पाहा.

पिशवीला तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत आठ-दहा भोकं हवीत. माती ओहोळातल्या साचलेल्या गाळाची घ्या, झाडांच्या मुळाखालची खणू नका. फार चिकट असेल तर थोडी रेती मिसळा. वाफा १ मीटर रुंद, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो. लांबी १० मीटर. यात सुमारे १२०० पिशव्या उभ्या राहतात. कडेने बांबू बांधा, नाहीतर भरतीला कडेच्या पिशव्या कलंडतात. खाली जुनं प्लास्टिकचं कापड अंथरा, म्हणजे मुळं जमिनीत शिरत नाहीत. ते नसेल तर महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलावी लागेल.

वाफ्याची उंची अशी धरा की उधाणाच्या आसपासच्या दिवसांत पाणी आपोआप यावं आणि दोन-तीन तासांत उतरावं. भांगाच्या दिवसांत पाणी पोचणार नाही, तेव्हा बादलीने खाडीचं पाणी घाला. पानांवर गाळाचा थर बसला तर धुवा. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी डोक्याच्या वर बांधा, आणि लावणीच्या महिनाभर आधी हळूहळू काढा. ही सवय न लावता रोप थेट उन्हात नेलं की पानं करपतात. भोवती जुन्या बारीक जाळ्याचं कुंपण, खालची कड वीतभर चिखलात गाडलेली, म्हणजे खेकडे कमी येतात आणि शेळ्याही अडतात.

थंडीत हिरवं तंतुमय शेवाळ रोपांना गुंडाळतं, ते सुकतीला हाताने काढा. खोडावर बार्नेकल बसली तर खरवडू नका, कोवळी साल सोबत निघते. ती दिसली याचा अर्थ वाफा फार खाली आहे, पिशव्या वर हलवा. लावलेली तिवरं पुढे पावसाळ्यात अचानक निष्पर्ण दिसली तर घाबरून औषध फवारू नका. सागाची पानं खाणारी अळी तिवरावरही येते, पानांची चाळण करून जाते आणि झाड पुन्हा फुटतं. फवाऱ्याचं विष थेट खाडीत उतरतं.

३० सेंटीमीटर उंची आणि निदान चार-सहा पानं झाली की रोप लावण्याजोगं. लावताना पिशवी फाडून सोबत परत आणायची. चिखलात राहिलेल्या पिशव्या पुढच्या भरतीला श्वसनमुळांवर (हवा घ्यायला चिखलातून वर आलेल्या मुळांवर) जाऊन बसतात. त्या मुळांना झाकणारं प्लास्टिक झाड मारतं, हे तुम्हाला सांगायला नको.

सातबारा

परवानगीचं सांगतो, कारण इथेच गट अडकतात.

कांदळवन सागरी किनारा नियमन क्षेत्रात सीआरझेड-१अ मध्ये येतं. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड, भराव, राडारोडा टाकणं यांवर बंदी कायम केली आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम व भराव अडवला. जमीन खाजगी असली तरी हे लागू आहे. त्यामुळे चर खणणं, बांधाचं खिंडार वाढवणं, शासकीय कांदळवनातून बी गोळा करणं, यातलं काहीही 'चांगल्या कामासाठी' म्हणून आधी करून नंतर कळवू नका. लेखी अर्ज वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे. बांध खारभूमी विकास विभागाचा असेल तर त्यांचीही ना-हरकत लागते.

खाजणाचा सातबारा आधी काढा. खाजगी मालकी असेल तर मालकाला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा की इथे कांदळवन उभं राहिलं की जमीन पुन्हा शेतीकडे किंवा बांधकामाकडे वळवता येणार नाही. हे लपवून केलेली लागवड पुढे भांडणात आणि रातोरात झालेल्या तोडीत संपते. मालक अनेक असतील तर सगळ्यांची संमती घ्या. एकाने दिलेली सही बाकीच्यांना बांधील नसते.

पैशाच्या बाजूने, फक्त संस्थेवर अवलंबून राहू नका. राज्य शासनाची २०१७ ची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यात गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समिती होते आणि गटाच्या उपक्रमाला ९० टक्के शासन, १० टक्के गट असा वाटा असतो. व्यक्तीसाठी तो ७५ आणि २५ आहे. खेकडापालन, कालवंपालन, शिनाणेपालन (शिनाणे ही एक शिंपली), पिंजऱ्यातला जिताडा मासा, निसर्ग पर्यटन हे त्यात बसतं. समितीत मासळी विकणाऱ्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायका नावानिशी असू द्या. नाहीतर होडीवाल्यांची समिती होते आणि सुकतीच्या जागांचा निर्णय, तिथे कधी न उतरणारे लोक घेतात.

आणखी एक. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. तिसऱ्यांच्या जागा, कालवांचे खडक, कोणत्या महिन्यात काय मिळतं, कोण वेचतं, हे त्या नोंदवहीत नकाशासह लिहून घ्या. उद्या तिथे जेट्टी, भराव किंवा चुकीची लागवड आली तर 'ही जागा रिकामी आहे' असं कोणी म्हणू शकणार नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चिखलपट्टी लागवडीतून वगळायची, हे गटाच्या बायकाही म्हणत होत्या. आता कारण नीट सांगता येईल. पुढचे दोन प्रश्न. संस्थेला रोपांची संख्या हवी असते, तिथे काय दाखवायचं? आणि चिखलपट्टीसाठी गट काही करू शकतो का? गेल्या काही हंगामांत तिसऱ्या बारीक मिळताहेत.

कालवांचा_खडक

चिखलपट्टीपासूनच सुरू करा, कारण तिथला अधिकार आणि ज्ञान दोन्ही तुमच्याकडे आहे.

पहिल्यांदा मोजणी. पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट करा. उधाणाच्या सुकतीला पट्टीवर दहा ठिकाणी टाका, पाण्याच्या कडेपासून वरपर्यंत. प्रत्येक चौकटीतला चिखल १० सेंटीमीटर खोल काढून चाळणीत धुवा. तिसऱ्या तीन ढिगांत मोजा: बीज (अगदी लहान पिल्लं), मध्यम, विक्रीजोग्या. चौकटीतला आकडा चारने गुणला की एका चौरस मीटरचा आकडा. दर महिन्याला त्याच पक्षातल्या त्याच तिथीला, त्याच ठिकाणी. सहा महिन्यांत कुठे बीज बसतं आणि कुठे फक्त मोठ्या उरल्यात हे कागदावर दिसू लागेल.

बारीक मिळण्याची कारणं बहुधा दोन असतात. एक, बीज बसलेल्या भागातूनच सतत वेचणी. दुसरं, वरच्या बाजूला सक्शन पंपाने वाळूउपसा. त्याने तळ खरवडला जातो आणि उठलेला बारीक गाळ खाली येऊन शिंपल्या गुदमरतात. दुसरं असेल तर कितीही नियम पाळले तरी तिसऱ्या वाढणार नाहीत. तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असलेले फोटो ठेवा आणि तहसीलदारांकडे गटाच्या ठरावासह लेखी तक्रार द्या. एकटीने जाऊ नका, तक्रार गटाच्या नावानेच असू दे.

वेचणीसाठी गटाने स्वतःचे नियम करावेत. चाळणीचं छिद्र असं ठरवा की मध्यम आकाराच्या खालचं सगळं तिथेच गळून पडेल. घरी नेऊन बारीक वेगळ्या करून टाकण्यात काही अर्थ नाही, त्या मेलेल्या असतात. पट्टीचे तीन भाग करून एक भाग आळीपाळीने बंद ठेवा, खुणेला बांबू. बंद भाग असा निवडा जिथे मोजणीत बीज जास्त दिसलं. केरळच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांच्या मासेमारीला डिसेंबर ते फेब्रुवारी विश्रांती दिली जाते, कारण तो तिथला प्रजननाचा काळ. एक किलो मांसात १४०० पेक्षा जास्त नग भरत असतील तर ते निर्यातीला घेत नाहीत. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. त्यांचे महिने तुमच्याकडे जसेच्या तसे लावू नका. दर महिन्याला वीसेक मोठ्या तिसऱ्या उघडून पाहा, आतला भाग भरलेला, दुधाळ दिसतो ते महिने लिहा आणि त्यानुसार बंदी ठरवा.

नियम मोडणाऱ्या बहुतेक वेळा बाहेरगावच्या असतात. म्हणून शेजारच्या वाड्यांतल्या वेचणाऱ्या बायकांना ठराव होण्याआधीच बोलवा. त्यांच्या गैरहजेरीत झालेला नियम त्या पाळणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं योग्यही असेल.

कालवं काढताना खडकावरचा झुपकाच्या झुपका कोयत्याने उखडला जातो, ते थांबवा. वरची झाकण-शिंपली उघडून मांस काढा आणि खालची खडकाला चिकटलेली तशीच राहू द्या. कालवाचं पिल्लू जुन्या शिंपलीवर सर्वांत लवकर बसतं.

भरतीसुकती

संस्थेच्या आकड्याबद्दल. त्यांना रोपांच्या संख्येऐवजी तीन गोष्टींचं लेखी उद्दिष्ट द्या: पाणी खेळतं झालेलं क्षेत्र, एका वर्षानंतर जिवंत असलेली रोपं (लावलेली आणि आपोआप आलेली वेगळी मोजून), आणि जातींची संख्या. मोजायला १० बाय १० मीटरचे कायमचे चौकोन आखा, कोपऱ्यावर बांबू, आणि लागवडीनंतर १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी मोजा. ५००० हवेतच म्हणाले तर त्यांना अंतराचं गणित दाखवा. २ मीटर अंतरावर एका हेक्टरला २५०० रोपं बसतात, म्हणजे ५००० ला २ हेक्टर योग्य उंचीची मोकळी जागा हवी. खाजणात तेवढी नसेल तर उरलेली रोपं चिखलपट्टीवर जातात. आकडा पूर्ण करायला चुकीची जागा निवडली जाते ती अशी.

तरीही अडून बसले तर मदत नाकारण्याची तयारी ठेवा. चर मोकळा करण्याचं काम पैशाने लहान असतं.

पांढरी_चिप्पी

आणि रोपवाटिकेकडे उत्पन्न म्हणून पाहत असाल तर पिशव्या भरण्याआधी खरेदीची लेखी मागणी हातात घ्या. कांदळवनाच्या रोपांना बाजारात गिऱ्हाईक नसतं. वर्षभर ठेवलेलं रोप पिशवीत मुळं गुंडाळून बसतं आणि लावल्यावर खुरटतं.

उत्पन्नाचे दुसरे मार्ग निवडताना ते खाडीकडून काय मागतात ते पाहा. खेकडापालनात पिल्लं खाडीतूनच पकडून टाकली तर खाडीतले खेकडे कमी होतात. हॅचरीची पिल्लं घ्या (तमिळनाडूत राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राची आहे) आणि अंडी धरलेली मादी मिळाली तर सोडून द्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. तसं काही करायचं असेल तर तिथे जाऊन एक दिवस काम पाहून या. वल्ह्याने आवाज आणि लाटा कमी राहतात, काठ ढासळत नाही.

खाडीकाठ

शेवटचं राहिलं ते वेळेचं. लिलाव पहाटे पाच ते आठ. मोजणी, तिसऱ्या आणि लावणी एकाच सुकतीत बसत नाही.

भरतीसुकती

बसवायचीही नाही, कारण मोजणी आणि लावणी या दोन्हींना वेगळी सुकती लागते. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते हे तुमच्याकडे ठाऊक असेलच. त्यात पाऊण-एक तास मागेपुढे धरा, आणि सुकती त्यानंतर सव्वासहा तासांनी. तिसऱ्यांची मोजणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, जेव्हा पाणी सर्वांत खाली जातं. त्या दिवसांत पूर्ण सुकती सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाच्या सुमारास येते. सकाळची लिलावात जाते, म्हणून मोजणी संध्याकाळच्या सुकतीला, किंवा लिलावाला न जाणाऱ्या चौघींकडे.

लावणी आणि रोपवाटिकेचं काम पंचमी ते सप्तमी. पंचमीला भरती पावणेचारला, सुकती दहाच्या सुमारास. सप्तमीला सुकती साडेअकरा-बारापर्यंत सरकते. लिलाव आटोपून नऊला चिखलात उतरता येतं. त्या दिवसांत पाणी फार खाली जात नाही, पण खाजणातली लावणीची जागा वरची असल्यामुळे ती उघडीच असते. शिवाय लगेच पुढे अष्टमीचा भांग येतो, पाण्याचा जोर कमी असतो आणि उधाण येण्याआधी रोपाला मुळं धरायला आठवडाभर मिळतो. सुरुवातीला एका जणीने एका सुकतीला ४० खड्डे, यापेक्षा जास्त धरू नका. मजुरी सुकतीच्या हिशोबाने ठरवा, दिवसाच्या नको, आणि रोपं होडीतून आणण्याची मजुरी वेगळी लिहा. ते काम बहुतेक वेळा हिशोबातून सुटतं आणि बायकाच करतात.